गोकुळाच्या गाडीचा धूर

गोकुळा दिघोरेच्या गाडीला यंदा २८ जूनला धुराचा दाखला नाकारला गेला. नाकारणाऱ्याने गाडी सुरू करायला सांगितली नाही, सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी घातली नाही, धूर काळा निघतो की पांढरा हे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी ही गोष्ट त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवली, पण तिचा खरा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. त्या दोन महिन्यांचा राग अजून उतरलेला नाही.

गोकुळा गेली अकरा वर्षं दर बुधवारी नागभीडला माझ्या दारी मासळी घेऊन येते. वय बावन्न, काळीसावळी, काटक. जंगलाकडच्या पळसटोला नावाच्या लहान वस्तीतली मासेमार ढिवराची लेक आणि ढिवराचीच सून. नवरा धनराज पाय अधू झाल्यापासून घरी बसून जाळी विणतो. मासळी विकणं हे तिचं वर्षभराचं काम, पण पंचक्रोशीत तिचं नाव आहे ते दुसऱ्याच कामासाठी. पावसाळ्यात ती मत्स्यबीज केंद्रावरून माशांची पिल्लं उचलते आणि गावोगावच्या तलावांत जिवंत नेऊन सोडते.

जिवंत, हा त्यातला अवघड शब्द. बोटभर लांबीची ही पिल्लं भांड्यातल्या स्थिर पाण्यात गुदमरतात. पाणी हलतं राहिलं, त्यात हवा मिसळत राहिली, तरच तग धरतात. गोकुळाचे वडील नानाजी मडक्यांची कावड खांद्यावर घेऊन वीस-वीस किलोमीटर चालत. त्यांची चालच वेगळी होती म्हणे. गुडघ्यात किंचित वाकून, पावलागणिक हलकासा हिसका द्यायचा, म्हणजे पाणी डचमळतं पण सांडत नाही. लेकीने ती चाल मोपेडवर आणली. मागच्या कठड्याला अॅल्युमिनियमचे दोन गुंड, म्हणजे मोठे घडे, बांधायचे, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि रस्त्यावरचा एकही खड्डा चुकवायचा नाही. लोक खड्डे टाळून गाडी चालवतात, ही शोधून त्यात घालते. दोन वर्षांपूर्वी पळसटोल्याच्या फाट्यापर्यंत गुळगुळीत रस्ता झाला, पुढाऱ्यांनी नारळ फोडले, आणि गोकुळा माझ्या ओट्यावर बसून कपाळाला हात लावत होती.

"सडक चांगली झाली बाई, आता मलेच घडीघडी थांबून पानी थापटा लागते."

गाडी तिने २०१० मध्ये घेतली. पळसटोल्यात गाडी चालवणारी ती पहिली बाई. पहिल्याच पावसाळ्यात एक गुंडभर पिल्लं मेली. पाणी हलत होतं, ऊन नव्हतं, तरी मेली. दोन दिवस विचार करून तिने कारण शोधलं. सायलेन्सरचा धूर मागच्या गुंडाच्या तोंडावर येत होता. तिने वेल्डरकडे जाऊन सायलेन्सरला हातभर वाकडी नळी जोडून घेतली, धूर दूर खाली फेकणारी. त्या दिवसापासून पेट्रोलमध्ये तेल मिसळताना ती पंपावरच्या माणसाचा अंदाज चालू देत नाही. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घरून घेऊन जाते आणि मोजून ओतते. तेल जास्त पडलं की धूर वाढतो, धूर वाढला की पिल्लं वर येऊन तोंडं उघडतात.

"सरकारची मशीन पंपावर हाय, माही मशीन गुंडात हाय," ती म्हणते.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं, की ज्या बाईला प्रदूषणाच्या नावाखाली दोन महिने दारोदार फिरवलं, ती पंधरा वर्षं आपल्या गाडीच्या धुरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी बाई आहे. धुराचा दाखला दर सहा महिन्यांनी काढायचा असतो. तो तिने एकदाही चुकवला नव्हता.

आणि त्यातूनच तिची चूक झाली, ती मी आधीच मान्य करते. तिला वाटायचं, धुराचा दाखला ताजा आहे म्हणजे गाडीचे सगळे कागद ताजे आहेत. गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत असते आणि तिचं वेगळं नूतनीकरण करावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नोंदणी १९ जूनला संपली. २८ जूनला ती नेहमीसारखी धुराचा दाखला काढायला पेट्रोल पंपाशेजारच्या खोपटात गेली, तेव्हा तिथल्या स्वप्निल नावाच्या पोराने नोंदणीचं कार्ड उलटसुलट करून परत दिलं.

"मावशी, रजिस्ट्रेशन खतम झालं. सिस्टीम घेत नाई."

३ जुलैला फाट्याच्या अलीकडच्या नाक्यावर हवालदाराने तिला अडवलं, दंड केला आणि बजावलं की पुढच्या वेळी गाडी ठाण्यात जमा होईल. ७ जुलैला ती जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात गेली. कोणत्या जिल्ह्याच्या ते इथे लिहीत नाही, डायरीत आहे. खिडकीवर झालेलं बोलणं तिने मला जसंच्या तसं करून दाखवलं, खिडकीवाल्याच्या आवाजासकट.

"आधी धुराचा दाखला आणा, मग नोंदणी."

"तो म्हंते, आधी नोंदणी आना."

"मग त्याला सांगा की आम्ही म्हटलंय."

"त्याले सांगतलं. तो म्हंते, तुमाले सांगा."

"मग मी काय करू, बाई?"

"मी काय करू ते इचाराले तं मी आली ना साहेब!"

रांगेतली माणसं हसली. खिडकीवालाही हसला आणि म्हणाला, पुढचा.

इतर कोणत्याही वर्षी हे निभावलं असतं, पण यंदा वेळ वेगळी होती. पळसटोल्याच्या नऊ बायकांच्या गटाने दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून जंगलातला एक तलाव पाच वर्षांच्या ठेक्यावर मिळवला होता. याआधी तो तलाव कधी बाईच्या नावावर चढला नव्हता. ठराव झाला तेव्हा ग्रामसभेत एकजण म्हणाला होता, बायका तलावात मासे सोडतील की धुणं धुतील? ठेक्याची अट एकच: ३१ ऑगस्टच्या आत बीज सोडलं पाहिजे, नाहीतर ठेका रद्द. आधीचा ठेकेदार ऑगस्टभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन बसायचा आणि कोरड्या आवाजात तारीख विचारायचा.

तलाव फाट्यापासून नऊ किलोमीटर आत. वाट दुचाकीपुरती. जूनपासून त्या वाटेवर बछड्यांसह वाघीण फिरत होती, त्यामुळे वनरक्षक पायी कुणालाच जाऊ देत नव्हते. गाडीवाल्याने हॉर्न वाजवत जावं, एवढीच सूट. केंद्रावर बीज हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत देतात. टेम्पोसाठी त्या उत्तम, पण या वाटेवर ९ ऑगस्टला एक पिशवी तोडलेल्या सागाच्या ठुटाला लागून फुटली आणि पिल्लं चिखलात तडफडली. गावात मोटारसायकली पुष्कळ आहेत. दिराच्या मोटारसायकलवर तिने एक फेरी करून पाहिली, तर निम्म्याहून जास्त पिल्लं पोटं वर करून पोचली. कारण तेच, गुंडाच्या तोंडावर येणारा धूर. राहिली गोकुळाचीच गाडी, तिची वाकडी नळी आणि तिचे दोन गुंड. ती गाडी नाक्यावर जमा झाली असती, तर गुंडांतली पिल्लं ठाण्याच्या अंगणात मेली असती आणि त्यांच्याबरोबर ठेकाही.

२१ जुलैला मी तिच्यासोबत बसने त्याच कार्यालयात गेले. मला वाटलं होतं, माझ्या पांढऱ्या केसांचा काही उपयोग होईल. तो एवढाच झाला, की आम्हाला खिडकीवर न थांबवता आत साहेबांपुढे बसवलं. साहेब तरुण, अत्यंत सभ्य. टेबल स्वच्छ. त्यांनी पाणी मागवलं.

"मॅडम, नियमच तसा आहे. आणि खरं सांगू का, पंधरा वर्षांची जुनी गाडी. भंगारात देऊन टाका. अशा गाड्यांमुळेच तर प्रदूषण होतं."

"साहेब, माह्या गाडीच्या धुरानं मासोळीचं पिल्लू नाई मरत," गोकुळा म्हणाली.

साहेब माझ्याकडे पाहून हसले, जणू आम्ही दोघं एका बाजूचे आणि ती दुसऱ्या. हे लिहायला मला लाज वाटते, पण मीही थोडी हसले. बसमध्ये तिने विचारलं, "मंग काय म्हंता बाई, नियम हाय?" मी म्हटलं, "नियम आहे, गोकुळा." त्या दिवशीच्या पानावरही मी तेच लिहिलं: नियम तसा आहे. साहेब सभ्य. शाळेत सिस्टरांनी आम्हाला वळण लावलं होतं, की नीट कपड्यातला माणूस शांतपणे बोलत असेल तर तो माहिती असल्याशिवाय बोलत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत मी ते खरं मानत आले.

२५ ऑगस्टला मी वरच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार लिहायला बसले. तक्रारीत तारखा लागतात, म्हणून डायरी उघडून एकेक नोंद नव्या कागदावर उतरवायला घेतली. २८ जून, स्वप्निल म्हणाला, सिस्टीम घेत नाही. ७ जुलै, खिडकीवाला म्हणाला, आधी दाखला. १४ जुलै, दुसऱ्या एका गावचा धूरतपासणीवाला म्हणाला, असल्या गाड्या होतच नाहीत, आम्हाला माहीत आहे. २१ जुलै, साहेब म्हणाले, नियम आहे. चार नोंदी एकाखाली एक आल्या आणि माझा पेन थांबला. चौघांनी सांगितलं होतं. गाडीचा नंबर यंत्रात टाकून पाहिला होता का कुणी? मी पानं पुन्हा चाळली. गोकुळाला फोन लावला.

"स्वप्निलने नंबर टाकला होता का गं? कॉम्प्युटरवर?"

"नाई बाई. कार्ड पायलं आन वापस देल्लं."

"आणि त्या दुसऱ्याने?"

"तो तं खुर्चीवरून उठलाच नाई."

मी तक्रार बाजूला ठेवली. २७ तारखेला गणेशचतुर्थी, म्हणून २८ ला सकाळी पंपावर भेटायचं ठरलं. ती आली, तर गाडीवर दोन्ही गुंड भरलेले.

"हे काय? आजच?"

"आजपासून तीन दिवस गटाचं बीज भेटते बाई, मंग केंद्रातलं खतम. काय करू, तिथीच ठेवू?" गाडी स्टँडवर लावताच तिने लुगड्याचा तुकडा बाजूला सारून तळहाताने पाणी थापटायला सुरुवात केली. एकदा या गुंडात, एकदा त्या. मागच्या रस्त्याने नाका चुकवून ती इथवर पोचली होती, पण पळसटोल्याकडे जायला नाका चुकत नव्हता.

स्वप्निल मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मावशी, तुमाले सांगतलं ना."

"नंबर टाक," मी म्हटलं.

"मॅडम, काई फायदा नाई. होत नसते."

"होत नसेल तर यंत्र तसं सांगेल. ते मला वाचायचं आहे. टाक."

"टाइम वाया जाईल मॅडम, तुमचाच."

"माझ्याकडे वेळ आहे. तिच्याकडे नाही, तिचा हात दुखतो आहे. टाक नंबर."

मागे थप, थप, थप चालू होतं. माझा आवाज चढला असावा, कारण पंपावर पेट्रोल भरणारा माणूस नळी हातात धरून बघत राहिला. स्वप्निलने एका बोटाने नंबर टाकला. पडद्यावर चाक फिरलं. मग गाडीचं नाव आलं, मालकाच्या रकान्यात गोकुळाचं नाव आलं, आणि खाली लिहून आलं, नंबरप्लेटचा फोटो घ्या.

स्वप्निल खुर्चीत पुढे सरकला.

"अबे, घेतलं ना यानं!"

त्याने फोटो काढला. गोकुळाच्या मोबाइलवर पडताळणीचे आकडे आले, मोबाइल तिने ओल्या हाताने मला दिला, मी ते वाचून दाखवले. गाडी सुरू केली, तिच्या वाकड्या नळीत तपासणीची नळी गेली, आणि पडद्यावर जो आकडा आला तो मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. दाखला छापून बाहेर पडायला अकरा मिनिटं लागली. दोन महिन्यांत ती अकरा मिनिटं कुणाकडे नव्हती.

"तुला कुणी सांगितलं होतं होत नाही म्हणून?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात मॅडम. त्या दुसऱ्या गावच्या सेंटरवाल्यानं सांगितलं होतं."

"आणि त्याला?"

"त्याले... ऑफिसातून कोनी म्हटलं असन."

मला त्याला खूप काही सुनवायचं होतं. या पोराने, त्या सभ्य साहेबांनी, सगळ्यांनी एकमेकांचं ऐकून एक नियम तयार केला होता आणि नऊ बायकांच्या तलावावर टाकला होता. मी तोंड उघडणार, तोच गोकुळा मागून म्हणाली, "त्याले काऊन बोलता बाई? नियम हाय म्हून तुमी बी तं म्हटलं होतं." ती रागाने म्हणाली नाही, पाणी थापटता थापटता म्हणाली. मी दाखल्याची घडी घालून तो तिच्या पिशवीत ठेवला.

दाखला मिळाला, पण नोंदणी अजून संपलेलीच होती, आणि नाका तिथेच होता. मी म्हटलं, आता दाखला आहे, ऑनलाइन अर्ज करू, त्याची पावती दाखवू. तिने गुंडात डोकावलं. चार-पाच पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.

"पावतीले येळ लागन. या पिल्लायले तेवढा येळ नाई. तुमी आटो करून या मांगून."

मी ऑटोने मागे गेले. नाका दिसायला लागला तिथे, वळणावर, गटाच्या आठ बायका उभ्या होत्या. मला काही सांगितलेलं नव्हतं. गोकुळाने गाडी बंद केली, उतरली आणि हँडल धरून ढकलायला लागली. ठमाबाई आणि सोनीबाई गुंडांच्या दोन बाजूंना आल्या आणि चालता चालता पाणी थापटू लागल्या. बाकीच्या मागून ढकलत होत्या. अशी ती मिरवणूक नाक्यापाशी पोचली. हवालदार तोच.

"काय गं, पुन्हा तू? बिनकागदाची गाडी चालवतेस?"

"चालवून नाई राह्यली साहेब. ढकलून राह्यली. ढकलाले कोनता कागद लागते?"

"इंजिन गरम आहे हिचं," तो हात लावून म्हणाला.

"मी बी गरम हावो," ठमाबाई म्हणाली, "मले बी जमा करता का ठाण्यात?"

बायका खो खो हसल्या. गोकुळाने पिशवीतून धुराचा दाखला काढून पुढे धरला. हवालदाराने तो वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला. मग त्याची नजर गुंडाकडे गेली.

"हे काय आहे?"

"तलावाचं बीज. गाडी ठेवता तं ठेवा साहेब, मंग इथी बसून पानी थापटत राहा. हात थांबला की मेले."

त्याने दाखला परत दिला आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्या ट्रककडे वळला. जा असं तो म्हणाला नाही, थांब असंही नाही. नाक्यापासून जंगलवाटेचं तोंड सातशे पावलांवर आहे. तेवढं त्यांनी ढकललं, मी मागून चालले. वाटेच्या तोंडाशी वनरक्षकाने फाटक उघडलं, गोकुळाने गाडी सुरू केली आणि हॉर्न वाजवत, पहिल्याच खड्ड्यात गाडी घालत आत गेली. तीन दिवसांत अशा सहा फेऱ्या झाल्या, सहाही वेळा गाडी नाक्यावरून ढकलत नेली. ३० ऑगस्टला संध्याकाळी ग्रामसेवकाने तलावावर जाऊन पंचनाम्यावर सही केली. आधीचा ठेकेदार त्या दिवशी पाळीवर नव्हता.

नोंदणीचा अर्ज मग आम्ही रीतसर केला. गाडीची तपासणी ६ ऑक्टोबरला झाली, त्याच कार्यालयात. निरीक्षकाने धुराचा दाखला फाईलला लावला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सायलेन्सरच्या नळीवर बोट ठेवलं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये फेरफार. काढल्याशिवाय नूतनीकरण होणार नाही. ती नळी कशासाठी आहे हे मी सांगायला लागले, पण त्याने हात वर करून मला थांबवलं. धूर कुणीकडे जातो याच्याशी धुराच्या खात्याला काही घेणंदेणं नव्हतं. गोकुळाने गाडी वळवली. रस्त्यापलीकडच्या वेल्डरकडे जाऊन नळी कापून घेतली, तुकडा पिशवीत टाकला, परत आली आणि पाच वर्षांचं नूतनीकरण घेऊन घरी गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार. ती मासळी घेऊन आली तेव्हा मी आधी गाडी पाहिली. नळी जागेवर होती.

"पुन्हा जोडलीस?"

"मंग? पुढल्या पावसाळ्यात पिल्लायले काय सांगू?" तिने वाकून दाखवलं. यावेळी वेल्डिंग नव्हतं, दोन नटबोल्ट होते. "आता पाना घेतला की दोन मिनिटात निघते बाई. पाच वर्सानं पुन्हा काहाडा लागन ना."